चालावयास जागा हवी



पहाटे पाचच्या सुमारास चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आपण कधी आलात, तर एक दृश्य आपल्या ध्यानात राहिल्यावाचून राहणार नाही. सूर्य अद्याप समुद्रातून वर यावयाचा असतो. वाळू ओलसर आणि गार असते. आणि तरीही किनाऱ्यालगतच्या फरसबंदीवर माणसांचा एक अखंड ओघ चाललेला असतो. सेवानिवृत्त गृहस्थ हात मागेपुढे हलवीत निघालेले असतात. नेसत्या साडीखाली पायांत कापडी बूट चढविलेल्या गृहिणी दोघी-दोघींनी बोलत जात असतात. कोणी मुंडू आवरीत लगबगीने चालतो, कोणी थांबून घाम पुसतो. तासाभराने ऊन चढू लागले, की हा मेळा पांगतो आणि शहर आपल्या कामाला लागते.

या रस्त्याशी मराठी वाचकाचे एक दूरचे नातेही आहे. १८८४ साली हा समुद्रकाठचा फिरावयाचा रस्ता बांधविला तो मद्रासचे त्या वेळचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी, आणि ‘मरीना’ हे नावही त्यांनीच दिले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ हे त्यांचे वडील. वडिलांनी आमचा इतिहास लिहिला, चिरंजीवांनी मद्रासकरांना फिरावयास रस्ता दिला! इतिहासाविषयी पंडितांचे वाद झाले, आजही होतात. रस्त्याविषयी कोणाची तक्रार नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे लोक त्यावरून मुकाट्याने चालत आहेत.

परंतु मरीना म्हणजे चेन्नई नव्हे. या महानगरातील बहुसंख्य लोक समुद्रापासून मैलोगणती दूर राहतात आणि त्यांच्या दारापुढे असतो तो वाहनांनी भरलेला रस्ता. ते चालतात काय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात फिरणे, खेळणे, व्यायाम यांपैकी काहीही न करणाऱ्यांचे प्रमाण तमिळनाडूत शेकडा ९३.१ आढळले. आपण महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल, तर लगेच समाधान मानू नका. महाराष्ट्राचा आकडा शेकडा ९१.३ होता.

हे आकडे पाहिले, की आपल्या तोंडून एकच शब्द निघतो : आळस. घराघरांत वर्षानुवर्षे हेच बोलले जाते. ‘मनात आणले तर काय जमणार नाही?’ असे आपण वडिलांना म्हणतो, पत्नी पतीला म्हणते आणि प्रत्येकजण स्वतःलाही दर एक जानेवारीला म्हणतो. निश्चयाचे महत्त्व मी नाकारीत नाही. पण निश्चय हा दिव्यातल्या वातीसारखा आहे. तेल नसेल, तर ती किती वेळ जळणार? व्यायामाच्या बाबतीत हे तेल कोणते, याचे एक उत्तर चेन्नईतील एका वसाहतीने दिले आहे. तिची हकीकत सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे. मात्र त्याआधी हृदयाचा आणि पायांचा संबंध काय, हे थोडक्यात पाहू.

आपले हृदय मुठीएवढे. ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते आणि आपण स्वस्थ बसलेले असतानाही मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त शरीरभर फिरविते. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या अवयवालाही स्वतःसाठी रक्त लागते, आणि ते आणणाऱ्या धमन्या अगदी बारीक असतात. त्यांच्या अस्तरात चरबीचे थर साचत जातात. एखादे दिवशी अशा थराला भेग पडते, तेथे रक्ताची गुठळी होते, वाट बंद पडते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. झटका एका क्षणाचा असला, तरी त्याची तयारी वीस-वीस वर्षे चाललेली असते.

नियमित व्यायाम या तयारीच्या आड येतो. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. धमन्या लवचिक राहतात आणि रक्तदाब उतरतो. सरावलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, म्हणून त्याला विश्रांतीच्या वेळी कमी ठोके द्यावे लागतात. यांत जादू काहीच नाही. रोज वापरात असलेल्या रहाटाला गंज चढत नाही, इतकीच ही गोष्ट साधी आहे.

साधी खरी, पण ती सिद्ध करावयास एका डॉक्टरला बसगाड्यांचा आश्रय घ्यावा लागला. लंडनमध्ये त्या काळी दुमजली बसगाड्या धावत. गाडीचा चालक दिवसभर आसनावर बसलेला आणि वाहक तिकिटे देत खालीवर करणारा. डॉ. जेरी मॉरिस यांनी हिशेब केला, तेव्हा वाहक कामाच्या एका दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो, असे दिसले. दोघांचा पगार, राहणी, शहर, हवा ही बहुतेक सारखीच. तथापि वाहकांत हृदयविकार चालकांपेक्षा कमी, आणि जो होई तो उशिरा व सौम्य. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. मॉरिस यांनी स्वतःच पुढे शंका काढली : जात्याच स्थूल असणारी माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील तर? म्हणून त्यांनी गणवेश पुरविणाऱ्या खात्याच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला. म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. पण त्यानंतरच्या कित्येक वर्षांत निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांवर अभ्यास झाले आणि हलत्या माणसाचे हृदय बैठ्या माणसाच्या हृदयापेक्षा सुरक्षित असते, हा निष्कर्ष पक्का झाला. डॉ. मॉरिस स्वतः नियमाने व्यायाम करीत आणि २००९ साली नव्व्याण्णवाव्या वर्षी निवर्तले.

आपल्याकडे या प्रश्नाला अधिक निकड आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. त्यातील दक्षिण आशियाच्या रुग्णांकडे वेगळे लक्ष देता असे आढळले, की आपल्याकडील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, तर इतर देशांत सुमारे एकोणसाठाव्या वर्षी. सहा वर्षांचे हे अंतर कुटुंबाच्या भाषेत मांडून पाहा. त्रेपन्नाव्या वर्षी मुलीचे शिक्षण संपलेले नसते. घराचे हप्ते फिटलेले नसतात. वृद्ध आईवडील हयात असतात. आनंदाची गोष्ट एवढीच, की धूम्रपान, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, भाजी-फळांची वाण, व्यायामाचा अभाव इत्यादी मोजक्या कारणांतच या धोक्याचा बहुतांश भाग सामावलेला आहे, असेही त्याच अभ्यासाने दाखविले. यांपैकी बहुतेक कारणे आपल्या आवाक्यातील आहेत.

आता आपण चेन्नईकडे वळू. १९९६ साली, म्हणजे ज्या वर्षी मद्रासचे अधिकृत नाव चेन्नई झाले त्याच वर्षी, मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील दोन वस्त्यांचा अभ्यास हाती घेतला. एक वस्ती मध्यम उत्पन्नाच्या लोकांची : तिरुमंगलम भागातील एशियाड कॉलनी. (नाव वाचून आपल्याला एस. टी.ची गाडी आठवली असेल, पण ही आहे राहत्या घरांची वसाहत.) दुसरी वस्ती अल्प उत्पन्नाच्या लोकांची. दोहोंतील वीस वर्षांवरील १,२६२ स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. शेकडा अकरा जणांत हृदयाच्या धमन्यांचा विकार आढळला. ज्यांना मधुमेह होता, त्यांच्यांत हे प्रमाण शेकडा २१.४ होते आणि ज्यांची साखर ठीक होती, त्यांच्यांत ९.१. मधुमेह आणि हृदयविकार ही जुळी भावंडे आहेत, हे यावरून आपल्या लक्षात येईल. मधुमेह मध्यमवर्गीय वसाहतीत शेकडा १२.४ आणि गरीब वस्तीत ६.५ होता.

संशोधक आकडे घेऊन निघून गेले नाहीत. वसाहतीत व्याख्याने झाली, चित्रफिती दाखविण्यात आल्या, हे रोग कसे होतात आणि कसे टळतात ते लोकांना समजावून सांगण्यात आले. अशी व्याख्याने आपणही ऐकली असतील. ऐकून आपण काय करतो? मान डोलावतो, चहा घेतो आणि घरी जातो. एशियाड कॉलनीचे रहिवासी घरी गेले खरे, पण त्यांच्या मनात एक प्रश्न राहिला : चालावे हे खरे, पण चालावे कोठे? आणि त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर बांधून काढले. आपापसांत पैसा उभा करून त्यांनी वसाहतीसाठी एक बाग तयार केली.

पुढे काय झाले, ते २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. अभ्यासाच्या आरंभी आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा कोणताही व्यायाम करणारे लोक या वसाहतीत शेकडा १४.२ होते. बाग झाल्यानंतर ते शेकडा ५८.७ झाले. म्हणजे चौपटीहून अधिक.

वाचकहो, या दोन आकड्यांपाशी क्षणभर थांबा. माणसे तीच होती. त्यांची वये वाढली होती, कमी झाली नव्हती. त्यांच्या कचेऱ्या, त्यांचे संसार, त्यांची गुडघेदुखी, सारे होते तेथेच होते. आळस हाच जर खरा रोग असता, तर चार झाडे आणि एक पायवाट यांनी तो बरा कसा झाला असता? खरी गोष्ट अशी, की दाराबाहेर सुरक्षित जागा असली, तेथे ओळखीची माणसे भेटत असली आणि आपण आज आलो नाही तर उद्या कोणी ‘काल दिसला नाहीत?’ असे विचारणारे असले, म्हणजे निश्चयाचा दिवा तेवत राहतो. ज्ञान व्याख्यानातून मिळाले, पण त्याला पाय फुटले ते बागेमुळे.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आपणास अस्वस्थ करील, आणि तो सांगितल्यावाचून हात आवरता घेणे बरे नव्हे. दहा वर्षांनी त्याच दोन्ही वस्त्यांची पुन्हा पाहणी झाली. एशियाड कॉलनीत मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून १५.४ वर गेले होते. आणि गरीब वस्तीत? ६.५ वरून १५.३ वर. जी वस्ती एके काळी निम्म्याने सुरक्षित होती, तिने श्रीमंतांची बरोबरी गाठली. हा सारा फरक एका बागेने पडला असे म्हणणे धाडसाचे होईल. खाण्यापिण्यात, कामाच्या स्वरूपात, उत्पन्नात या काळात पुष्कळ उलथापालथ झाली. पण ‘हा तर बड्या लोकांचा रोग’ ही आपली समजूत कायमची पुसून टाकावयास हे आकडे पुरेसे आहेत. आणि एक प्रश्नही ते आपल्यापुढे ठेवतात : ज्यांना वर्गणी काढून बाग बांधता येते, त्यांनी ती बांधली. ज्यांच्या दोन घरांमध्ये हात पसरण्यापुरतीही जागा नाही, त्यांनी कोठे चालावे? चालावयाची जागा ही पाण्याच्या नळासारखी आणि रस्त्यावरील दिव्यासारखी सार्वजनिक गरज आहे, असे आपण मानू लागल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही.

चालल्याने रोग खरोखरच टळतो काय, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर याच शहराने दिले आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली चेन्नईत ५३१ लोकांवर एक प्रयोग झाला. या सर्वांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. एका गटाला नेहमीचा साधा सल्ला दिला. दुसऱ्याला आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे सांगितले. तिसऱ्याला औषध दिले आणि चौथ्याला औषध व चालणे दोन्ही. तीन वर्षांनी पाहता, पहिल्या गटातील शंभरांपैकी पंचावन्न जण मधुमेही झाले होते. दुसऱ्या गटातील एकोणचाळीस. औषधाच्या गटातही जवळजवळ तेवढेच, आणि दोन्ही एकत्र केल्यानेही अधिक लाभ झाला नाही. चालणे आणि बेताचा आहार यांनी गोळीइतके काम केले, असा याचा अर्थ. ज्यांना डॉक्टरांनी औषध दिले आहे, त्यांनी मात्र ते आपल्या मनाने थांबवू नये.

आता घरातील स्त्रियांविषयी थोडे. ‘आमचे पाय दिवसभर टेकत नाहीत, आम्हाला निराळा व्यायाम कशाला?’ हे आपण प्रत्येक घरात ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. आपल्या आजीने जात्यावर दळले, विहिरीचा रहाट ओढला, उखळात कांडले. तमिळ घरातील आजीने इडलीचे पीठ दगडी रगड्यात वाटले. त्या कष्टाने दम लागे, घाम निघे. आज जाते गेले, रहाट गेला, रगड्याच्या जागी विजेचे यंत्र आले. हे चांगलेच झाले, ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण कष्टांपैकी जे हृदयाला हितकर होते ते गेले आणि जे केवळ थकविणारे होते, म्हणजे ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे, ते मात्र उरले. २०२२ सालासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतातील शेकडा ५७ स्त्रिया आणि ४२ पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुष सकाळी फिरावयास जातो, कारण तो येईपर्यंत चहा, डबे आणि मुलांच्या वेण्या कोणीतरी आटोपणार असते. म्हणून या लेखाच्या पुरुष वाचकांना एक नम्र विनंती आहे. आठवड्यातून तीन सकाळी आपण डबे भरा आणि पत्नीला, आईला, सुनेला फिरावयास जाऊ द्या. तिच्या हृदयासाठी यापेक्षा मोठी भेट देता येणार नाही, आणि ओट्यापाशी अर्धा तास काढल्याने आपलेही काही बिघडणार नाही.

चालावे तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे, की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्याचे पाच दिवस रोज अर्धा तास चालले, की दीडशे मिनिटे भरतात. ‘मध्यम’ म्हणजे काय हे मोजावयास यंत्र नको. चालताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती असली की ती योग्य समजावी. ज्यांना अर्धा तास सलग मिळत नाही, त्यांनी दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. आरंभी सावकाश, मग भरभर, शेवटी पुन्हा सावकाश असा क्रम ठेवावा. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. जिने चढणे, बैठका, जोर यांनी ते काम होते. पावसाळ्यात, मग तो कोकणातील आषाढाचा असो वा चेन्नईतील कार्तिकाचा, बाहेर पडता येत नसेल, तर सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून त्यांचा प्रसार केला. सतरंजीएवढी जागा त्यांना पुरते.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा, म्हणजे खुर्चीला चिकटून दुसऱ्यांची वाक्ये मराठीत आणण्याचा. बसगाडीच्या चालकाहून आमची स्थिती काही निराळी नाही. म्हणून कचेरीतील वाचकांना स्वानुभवाचा एक उपाय सुचवितो. पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवू नका, दूर ठेवा. प्रत्येक घोटासाठी उठावे लागले, की तासाला एकदा तरी शरीर हलते. दूरध्वनी आला, की उभे राहून बोला. या गोष्टी व्यायामाची जागा घेत नाहीत, पण बैठकीचा गंज थोडा खरवडून काढतात.

काही सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, अथवा ज्यांनी चाळिशी ओलांडली असून वर्षानुवर्षे काहीच व्यायाम केलेला नाही, त्यांनी भारी व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चेन्नई, मुंबई यांसारख्या दमट गावी ऊन चढण्यापूर्वी फिरून यावे आणि पाणी प्यावे. चालताना छातीत दडपण वाटले, दम कोंडला, घेरी आली, तर तेथेच थांबावे. छातीत आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणे, दरदरून घाम सुटणे ही झटक्याची लक्षणे होत. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत कित्येकदा छाती फारशी दुखतच नाही. नुसती धाप, मळमळ किंवा कारणावाचून आलेला थकवा एवढेच दिसते. आपल्या घरात अशा वेळी ‘पित्त झाले असेल’ म्हणतात, इकडे तमिळ घरात ‘वायु’ म्हणतात, आणि आल्याचा रस देऊन सकाळची वाट पाहतात. कृपा करून वाट पाहू नका. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही रुग्णवाहिका येते. बंद झालेली वाट जितक्या लवकर उघडेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. व्यायामाइतकेच तंबाखू सोडणे, मीठ बेताने खाणे आणि रक्तदाब व साखर वेळोवेळी तपासून घेणे यांचेही महत्त्व आहे, हे सांगावयास नकोच.

शेवटी पुन्हा जागेकडे येतो. आपल्या गावी समुद्र नसेल, मरीनासारखा रस्ता नसेल. पण शाळेचे पटांगण असेल, देवळाभोवतीची प्रदक्षिणेची वाट असेल, नदीचा घाट असेल, गृहनिर्माण संस्थेची गच्ची असेल. तिचा दरवाजा सकाळी कोण उघडतो, किती वाजता उघडतो, तेथे दिवा आहे काय, एकट्या स्त्रीला तेथे निर्धास्त जाता येते काय, याची चौकशी करा. एकट्याने करू नका, आळीतील पाच घरे मिळून करा. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, नगरपालिकेला अर्ज द्या, आणि पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही तर दुसरा द्या. जागा मिळाली, की ज्यांच्या वस्तीत जागा नाही त्यांनाही तेथे येऊ द्या. बागेला कुंपण असावे, पण फाटकही असावे.

आणि आरंभ? तो आजच करता येईल. हा अंक वाचून झाल्यावर कोणा स्नेह्याला द्यावयाचा असेल, तर मुलाच्या हाती पाठवू नका. त्याचे घर दोन आळ्या पलीकडे असले तर फारच उत्तम. स्वतः पायी जा, अंक द्या, आणि उद्या सकाळी फिरावयास येता काय, असे विचारून या.